लोब असावा

१

ज्या वर्षी इस्त्रीमावशीच्या धाकट्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. मुली इतक्या सारख्या, की आई एकीलाच दोनदा पाजायची आणि दुसरी उपाशी रडायची. शेवटी मावशीनंच नीट निरखून शोधून काढलं, की एकीच्या डोक्यावरचा भोवरा उजवीकडे आहे आणि दुसरीचा डावीकडे. मोठी नावं ठेवायची बाकी होती, तोवर घरात चिंगी आणि मिंगी. सुनेनं नातेवाइकांना फोनवर लिहून कळवलं, पण फोननं आपल्या अकलेनं 'मिंगी'ची 'मुंगी' केली. मग बारा घरांतून विचारणा आली, की मुंगी कुणाला चावली?

मावशी सार्वजनिक धुलाईघरात छत्तीस वर्षं इस्त्री करत होती. रांगेनं दगडी हौद, ओल्या कापडाचा वास, खिडकीखाली लांबलचक इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाच्या टोकाला चादरीखाली झाकलेला एक जुना कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवरून दर मंगळवारी सकाळी दहाला एक मेल निघायचा आणि दोन हजार एकशे चाळीस घरांत पोहोचायचा. या आठवड्यात नगर परिषद काय ठरवणार आहे, कुठे, किती वाजता, आणि तिथे जाऊन आपण काय विचारू शकतो, एवढंच त्यात असायचं. पाठीशी ना पक्ष, ना पुढारी.

हे सगळं उभं केलं मावशीच्या नणंदेनं. तिला सगळे वन्सं म्हणायचे, कारण मावशी म्हणायची. वन्सं टपाल वाटायच्या. पोस्टानं त्यांची फेरी बंद केली तेव्हा गावातली दारं त्यांना तोंडपाठ होती. त्या घरोघर परत गेल्या आणि पत्रांऐवजी मेलचे पत्ते गोळा केले. दारात माणूस प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पत्ता यादीत घ्यायचा नाही, हा पहिला नियम. अठ्ठावन्न गल्ल्या, आणि प्रत्येक गल्लीत एक बाई अशी, जी मेल न उघडणाऱ्यांना दारावर टकटक करून सांगेल.

दुसरा नियम मावशीपुरता होता. मावशी बावन्नाव्या वर्षी वाचायला शिकली. वन्संनी इस्त्रीच्या गरम टेबलावर ओल्या बोटानं अक्षरं काढून शिकवलं. पापणी लवेपर्यंत अक्षर वाळून जायचं, त्यामुळे मावशीला अक्षराकडे टक लावून बघायची सवय लागली ती कायमची. प्रत्येक मेल जाण्याआधी तिनं बोट ठेवून मोठ्यानं वाचायचा, आणि जिथे ती अडखळेल तो शब्द मेलमधून हद्दपार.

दोन महिन्यांपूर्वी वन्संना पक्षाघात झाला, वाचा गेली, आणि नेटवर्क चौघांच्या गळ्यात आलं. मेल टाइप करणाऱ्या शुद्धलेखनबाई, ज्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात घालवली. कॉम्प्युटर सांभाळणारा विजेवाला. नगर परिषदेतून निवृत्त झालेले जावककाका. एकतीस वर्षं बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर त्यांनी जावक क्रमांक मारला होता, म्हणून हे नाव. आणि चौथी मावशी. पासवर्ड या चौघांनाच ठाऊक होता.

त्या मंगळवारी मावशीनं आठला कुलूप काढलं, तर शाळेतली स्वयंपाकीणबाई बादली घेऊन दारात हजर. म्हणाली, बरं झालं बाई, गुरुवारची रजा आता मागायला नको.

"का गं?"

"सुनावणी पुढे गेली ना? तुमचाच मेल आलाय की."

मावशीनं तिच्या हातातला फोन घेतला. मेल सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आला होता. पत्ता नेटवर्कचाच. तिनं बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर वाचत गेली.

'सदर सुनावणी पुढे ढकलण्यात आली आहे तरी या गुरुवारी कोणीही येऊ नये. नवीन तारीख कळवू. कळावे, लोभ असावा.'

 गुरुवारी अकराला धुलाईघराचीच सुनावणी होती. जागा एका कंपनीला विकायचा ठराव होता. चारशे नागरिकांनी सभागृहात समोर उभं राहून हरकत घेतली, तर निर्णय सगळ्या गावाच्या मतदानाला टाकावा लागतो, असा नियम. चारशेला एक कमी पडला, तरी महिनाअखेर या हौदांना टाळं.

तासाभरात तिघेही आले. मावशीनं चहा ठेवला. विजेवाल्यानं कॉम्प्युटर तपासला. नेटवर्कच्या खात्यातूनच, खऱ्या पासवर्डनं, पण दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावरून मेल गेला होता. सातला धुलाईघर बंद असतं आणि किल्ली मावशीच्या कमरेला. जावककाकांनी कप गोळा केले आणि एक उचलून म्हणाले, सदर कप कोणाचा? एरवी त्यांच्या असल्या बोलण्याला सगळे हसायचे. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

विजेवाला हळूच म्हणाला, "मावशी, हे बाहेरच्याचं काम नाही. आपल्या चौघांतलाच कुणीतरी आहे."

२

विजेवाल्यानं तिथल्या तिथे पासवर्ड बदलला आणि तो फक्त मावशीच्या कानात सांगितला. मग जावककाकांनी मेल पुन्हा वाचून दाखवायला लावला, आणि शेवटच्या ओळीला बोट वर केलं.

"लोभ. इथे 'लोभ' आहे."

सगळ्यांच्या माना शुद्धलेखनबाईंकडे वळल्या.

त्याचं कारण नऊ वर्षांपूर्वीचं. नेटवर्कचा पहिला मेल निघाला तेव्हा शेवटची ओळ मावशीनं स्वतःच्या हातानं टाइप करावी, असा वन्संचा हट्ट होता. मावशीनं एका बोटानं पाऊण तास घेऊन लिहिलं, 'कळावे, लोब असावा.' बाई जवळजवळ किंचाळल्या. वन्सं मात्र पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, ही ओळ आता अशीच राहणार. चूक तिची, पण लोभ खरा आहे. तेव्हापासून प्रत्येक मेलच्या शेवटी 'लोब'. लोकांना इतकी सवय झाली, की कुणी हसायचंही बंद केलं होतं. बाई मात्र नऊ वर्षं कुरकुरत होत्या, की माझ्या मरणानंतर लोक म्हणतील, हिला 'ब' आणि 'भ' कळत नव्हता.

जावककाका म्हणाले, कुणावर आळ घ्यायचा नाही, पण चुकीचा शब्द पाहून ज्याचा हात सुधारल्याशिवाय राहत नाही, असं आपल्यात एकच माणूस आहे.

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मेलचा कागद पुढे ओढला.

"'आली आहे तरी या गुरुवारी'. 'तरी'च्या आधी स्वल्पविराम कुठंय? अहो, मला फाशी द्या, पण हे वाक्य माझ्या नावावर टाकू नका."

 स्वल्पविराम मावशीला नीटसा कळत नसे. पण बाईंचा फोन तिला माहीत होता, बटणांचा, टाळक्यात घातला तर टाळकं फुटेल असा जाड. त्यावरून मेल जात नाही. आणि बाईंच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. छापखाना सुटल्यावर त्यांनी घरात शाईसुद्धा येऊ दिली नव्हती.

दुसरी गोष्टही तिला टोचत होती. बाई दर मंगळवारी दात-ओठ खात का होईना, 'लोब'च लिहीत आल्या होत्या. नऊ वर्षांत त्यांचा हात त्या चुकीला वळला होता.

मग 'लोभ' कुणी केला?

३

दुपारी बाराला खरा मेल निघाला, की सुनावणी याच गुरुवारी अकराला आहे, सकाळचा मेल आमचा नाही. मावशीला जरा हायसं वाटलं. ते तासभरच टिकलं. एकला तिसरा मेल आला, की दुपारचा मेल खोटा आहे, त्यावर विश्वास ठेवू नये. कळावे, लोभ असावा.

विजेवाल्यानं डोळे बारीक करून पाहिलं. या वेळी पत्ता नेटवर्कचा नव्हता, पण फरक फक्त एका टिंबाचा. यादीची नक्कल चौघांकडे होती, त्यामुळे पत्ते सगळे बरोबर. संध्याकाळपर्यंत तीनशे लोकांनी लिहून पाठवलं, खरं काय ते एकदा ठरवा. गल्ल्यांतल्या बायका म्हणू लागल्या, आम्ही दारं ठोठवायची तरी कोणत्या तोंडानं?

विजेवाला म्हणाला, सोपं आहे. लोकांना खूण सांगून टाकू. 'लोब' असेल तो आपला मेल, 'लोभ' असेल तो परक्याचा.

मावशीनं मान हलवली. "खूण सांगितली की चोर पुढच्या मेलात तीच घालणार. आधी चोर, मग खूण."

हे बोलताना ती त्याच्याकडेच बघत होती, कारण त्याच्याविषयी तिला एक गोष्ट समजली होती. गेले पंधरा दिवस त्याची गाडी त्याच कंपनीच्या नव्या कचेरीसमोर उभी असायची, जिला धुलाईघराची जागा हवी होती. तिनं सरळ विचारलं. विजेवाला टेबलाच्या कडेला बसला आणि वायरीचा एक तुकडा बोटाला गुंडाळू लागला. म्हणाला, हो, तिथल्या दिव्यांचं काम माझंच आहे. तुम्हाला सांगायची लाज वाटली.

"पण मावशी, मला लिहायचा किती कंटाळा ते तुम्हाला ठाऊक आहे. बायकोला भाजी सांगायची तर मी फोनमध्ये बोलून पाठवतो. 'ढकलण्यात आली आहे' एवढं मी टाइप करेन?"

मावशीला ते पटलं. तरी त्यानं कामाची गोष्ट लपवली होती, हेही खरंच होतं. घरी आल्यावर सून म्हणाली, आत्याबाई, तुम्ही चिंगीला मिंगी म्हणताय. मावशी म्हणाली, आज मला सगळीच माणसं एकसारखी दिसतायत.

४

बुधवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट. वन्संना हे सांगायचं नाही, असं ठरवून ती जिना चढली आणि खाटेपाशी बसल्या बसल्या सगळं सांगून मोकळी झाली. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी बोट हलवलं. वाच.

मावशीनं कागद उघडला आणि पहिल्याच शब्दाला अडखळली. "स-द-र."

वन्संचे खांदे हलले. मावशी घाबरून उठली, पण त्या हसत होत्या. आवाज न करता, तोंडाच्या एकाच बाजूनं. चांगला हात पुढे करून त्यांनी मावशीची बाही चिमटीत धरली आणि ओढली, पुन्हा ओढली.

तेव्हा मावशीला आठवलं. वाचायला शिकल्यावर परिषदेची पहिली नोटीस तिनं वाचली, त्यातही 'सदर' होतं. तिनं विचारलं होतं, हा कुणाचा सदरा, आणि तो इस्त्रीला आलाय का? वन्सं तेव्हाही अशाच हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, वहिनी, हा शब्द कचेरीतच राहतो. माणसांच्या घरी तो कधी येत नाही.

मावशी खाली बसली. काल सकाळी हा शब्द तिनं मेलशिवाय आणखी एकदा ऐकला होता. सदर कप कोणाचा?

पण मन मानेना. जावककाका नऊ वर्षं दर मंगळवारी यायचे. वन्सं पडल्या तेव्हा रिक्षा त्यांनीच आणली होती. शिवाय नेटवर्कची प्रत्येक रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी मेल लिहिला असता तर 'लोब' लिहायला ते विसरले नसते. तेवढी एक गाठ सुटत नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सुनेचा निरोप होता. चिंगी झोपली, मुंगी जागी आहे.

मावशी त्या मुंगीकडे टक लावून बघत राहिली, जशी वाळत जाणाऱ्या अक्षराकडे बघायची. मग तिनं वन्संच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, येते मी. गाठ सुटली.

५

दुपारी तीनला चौघं इस्त्रीच्या टेबलाभोवती जमली. मावशी म्हणाली, तिघांनी माझ्यासमोर एकेक ओळ लिहायची, आपल्या मेलच्या शेवटी असते तीच. ज्याला जे हत्यार सवयीचं, त्यानं त्यावर लिहायची.

बाईंनी कॉम्प्युटरवर लिहिली. 'कळावे, लोब असावा.' स्वल्पविराम जागच्या जागी. विजेवाल्यानं फोनमध्ये बोलून पाठवली, आणि त्याच्या आवाजात 'लोब' ऐकून बाईंनी कान झाकले. जावककाकांनी खिशातून नवाकोरा फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि काळजीपूर्वक एकेक अक्षर दाबलं. मावशी त्यांच्या खांद्यामागे उभी होती. त्यांनी 'लोब' लिहिलं. पुढच्या शब्दासाठी मधली जागा सोडली, आणि त्या क्षणी फोननं 'ब'चा 'भ' केला.

काकांना ते दिसलं नाही. त्यांनी फोन पुढे केला. "झालं."

"वाचा ना, काका."

"काय वाचायचंय त्यात?"

"तेच तर. एकतीस वर्षं तुम्ही कागदावर शिक्का मारलात, आतलं कधी वाचलं नाही. कालचे दोन्ही मेलही न वाचताच सोडलेत. तुम्ही 'लोब'च लिहिलं होतं. तुमचा फोन तुमच्यापेक्षा शहाणा निघाला." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि 'सदर' हा शब्द आपल्यात फक्त तुमच्या तोंडी आहे. मी रोज ऐकते. काल कागदावर पाहिला, तेव्हा ओळखता आला नाही एवढंच."

 जावककाकांनी फोनकडे पाहिलं. 

मग ते बोलले ते असं. एकतीस वर्षं ते परिषदेच्या अध्यक्षांच्या दालनात कागद घेऊन जायचे आणि उभे राहायचे. अध्यक्ष चार झाले, पण बसा कुणी म्हटलं नाही. गेल्या आठवड्यात आत्ताच्या अध्यक्षांनी घरी माणूस पाठवून बोलावलं. नावानं हाक मारली. खुर्ची दिली. म्हणाले, तुमच्यासारख्या अनुभवी माणसानं एवढी गर्दी टाळली, तर परिषद तुम्हाला सल्लागार म्हणून बोलवत जाईल.

"खुर्चीला हात होते, मावशी," ते म्हणाले. "मी त्यावर हात ठेवून बसलो."

मावशीला राग यायला हवा होता. तो आलाही. पण तिनं स्वतः छत्तीस वर्षं उभं राहूनच इस्त्री केली होती.

विजेवाला म्हणाला, यांना आत्ताच्या आत्ता यादीतून काढा. बाई म्हणाल्या, माझ्यावर आळ घेतला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. काका उठले आणि दाराकडे चालू लागले.

मावशीनं त्यांना थांबवलं. "आवक कधी केलीत का हो? का नुसतीच जावक?"

त्यांना प्रश्न कळला नाही.

"उद्या सभागृहाच्या दारात वही घेऊन बसायचं. खुर्ची आम्ही देऊ. आत येणाऱ्या प्रत्येक माणसाची आवक नोंदवायची, अनुक्रमांक, नाव, गल्ली, वेळ, सही. परिषदेला नाक मुरडता येणार नाही, असं दप्तर या गावात एकाच माणसाला लिहिता येतं."

काका दाराला धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, कार्बन पेपर लागेल. तीन प्रती कराव्या लागतात.

६

साडेचारला मेल निघाला. मावशीनं सांगितला आणि बाईंनी लिहिला, फक्त पाच ओळींचा. सुनावणी उद्या अकराला. आमचा मेल ओळखायचा असेल तर शेवटची ओळ बघा. नऊ वर्षं आम्ही एक चूक जपली आहे. ती ज्यात नाही तो मेल आमचा नाही. कळावे, लोब असावा.

उत्तरं यायला लागली ती थांबेनात. लोक जुने मेल काढून बघत होते. कुणी लिहिलं, मला वाटायचं माझाच चष्मा खराब आहे. अंधार पडण्याआधी अठ्ठावन्न गल्ल्यांत दारं वाजू लागली होती. स्वयंपाकीणबाईनं रजा मागितली आणि मुख्याध्यापिकेलाच बरोबर घेतलं.

गुरुवारी अकराला सभागृह भरलं, मग जिना भरला, मग अंगण. लोक दारातल्या वहीत सही करत आणि आत जात. विजेवाला कंपनीच्या कामावर सांगून आला होता, की आजचे दिवे उद्या लागतील. सव्वाअकराला अध्यक्षांनी डोकी न मोजताच जाहीर केलं, की उपस्थिती अंदाजे तीनशे दिसते, नियमानुसार संख्या अपुरी आहे.

एकच गलका झाला. बाई खुर्चीवर चढायला निघाल्या. तेवढ्यात जावककाका मधल्या वाटेनं पुढे आले. कपडे इस्त्रीचे होते, मावशीनं सकाळी स्वतः केलेले. त्यांनी वही अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

"सदर नोंदवहीत सहाशे अकरा नागरिकांची आवक नोंदली आहे," ते म्हणाले. "अनुक्रमांकासह, सहीनिशी, तीन प्रतींत. एक प्रत आपणास, एक दप्तरी, आणि एक धुलाईघरास."

अध्यक्षांनी वही उलटसुलट केली. खोट काढायला जागा नव्हती, कारण हा तक्ता एकतीस वर्षं परिषदेचाच होता. घसा खाकरून ते म्हणाले, बसा, बसून बोलू.

"नको," जावककाका म्हणाले. "आज मी उभाच बरा आहे."

ठराव मतदानाला टाकावा लागला. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, लोब असावा, आणि सहाशे अकरा माणसं हसली. मावशीनं एवढं हसू एका खोलीत कधी ऐकलं नव्हतं. बाई तिच्या कानाशी म्हणाल्या, चूक ती चूकच. पण त्यांनीही डोळे पुसले.

संध्याकाळी मावशी दवाखान्यात गेली, बोट पाण्यात बुडवलं आणि खाटेशेजारच्या टेबलावर लिहिलं, ६११. वन्संनी आकडा वाळेपर्यंत पाहिला आणि परत लिही म्हणून खूण केली. मावशीनं सात वेळा लिहिला.

मतदानात धुलाईघर दर चार मतांतल्या तीन मतांनी राहिलं. निकालाचा मेल मावशीनं अडखळल्याशिवाय वाचला.

वन्सं गेल्या त्या निकालाच्या आधीच, सुनावणीनंतर एकोणीस दिवसांनी, मंगळवारी सकाळी, दहाला पाच कमी असताना. त्या आठवड्याचा मेल वेळेवर, दहालाच निघाला.